आधी कुत्रा मोजा, मग लाकूड

कुत्र्यासाठी लाकडी घर करायचं मनावर घेतलं, की माणूस आधी प्लायवुडच्या दुकानात जातो. त्याआधी टेप घेऊन कुत्र्याजवळ बसावं, असं मला आग्रहानं सांगायचं आहे. या कामातलं सुतारकाम फारसं अवघड नाही. ज्याला सरळ रेघ मारता येते आणि स्क्रू पिळता येतो, त्याला ते दोन सुट्टीच्या दिवसांत जमतं. अवघड आहे ते कुत्र्याला पटेल असं घर करणं. कितीतरी अंगणांत छान रंगवलेलं, दुपाखी छपराचं, दारावर नाव घातलेलं घर रिकामं असतं आणि ज्याच्यासाठी ते केलं तो गाडीखाली नाहीतर उंबऱ्याशी झोपलेला असतो. त्या घरांचे सांधे पक्के असतात, रंगही उत्तम असतो. चुकलेलं असतं ते माप, तोंड किंवा जागा.

हे भल्याभल्यांच्या बाबतीत झालेलं आहे. न्यूयॉर्कचं गुगेनहाइम संग्रहालय आणि धबधब्यावर उभं असलेलं ‘फॉलिंगवॉटर’ हे घर ज्यांनी रचलं, त्या फ्रँक लॉइड राइट यांना १९५६ साली कॅलिफोर्नियातल्या एका बारा वर्षांच्या मुलानं पत्र लिहिलं. त्याच्या आईवडिलांचं घर राइट यांनीच आखलेलं होतं. त्याला आपल्या एडी नावाच्या लॅब्रॅडॉरसाठी त्याच घराला शोभेल असं घर हवं होतं. राइट तेव्हा नव्वदीला टेकले होते. काम फार आहे, पुढच्या वर्षी पुन्हा लिही, असं त्यांनी कळवलं. मुलानं पुढच्या वर्षी पुन्हा पत्र धाडलं आणि राइट यांच्या कार्यालयातून खरोखरच नकाशे आले, तेही एक पैसा न घेता. घर बांधून झालं १९६३ साली, म्हणजे राइट यांच्या निधनानंतर. त्रिकोणी आकाराचं, पसरट छपराचं ते घर दिसायला देखणं होतं. पण छप्पर गळत होतं आणि एडी त्यात फारसा गेलाच नाही. छपराला उतार किती आणि कुत्र्याला रात्री कुठं झोपावंसं वाटतं, हे दोन प्रश्न कोणत्याही नकाशाच्या आधीचे आहेत.

आपल्याकडे तर घर नेमकं कशापासून वाचवण्यासाठी करायचं, इथूनच विचार करावा लागतो. परदेशी पुस्तकांतले नकाशे बर्फासाठी काढलेले असतात: जाड भिंती, चहूबाजूंनी बंद, दाराला पडदा. असलं घर चंद्रपूरला किंवा अकोल्याला मे महिन्यात ठेवलं, तर ती भट्टी होईल. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी काय त्या पंजांच्या गाद्यांत असतात. अंग थंड करण्याचं त्याचं खरं साधन म्हणजे धापा टाकणं. जीभ, तोंड आणि श्वासनलिका यांवरची ओल सुकते, तिच्याबरोबर उष्णता निघून जाते. पण बंद खोक्यात त्याच्याच श्वासानं हवा दमट होते, ओल सुकेनाशी होते आणि तो जितक्या जोरानं धापा टाकील तितका शिणत जातो. म्हणून महाराष्ट्रातल्या घराचं पहिलं काम पाऊस अडवणं, दुसरं सावली देणं आणि तिसरं थंडीचा वारा अडवणं, असा क्रम मी लावतो. नाशिक जिल्ह्यात निफाडकडे पारा कधीकधी ५ अंशांच्याही खाली उतरतो, तिथं तिसऱ्याला वर आणावं. कोकणात आणि घाटमाथ्यावर मात्र पावसाशिवाय दुसऱ्या कशाला पहिला मान नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो.

आता माप. कुत्र्याला भिंतीला लावून सरळ उभं करा. जमिनीपासून खांद्यापर्यंतची उंची घ्या, नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी घ्या, छातीची रुंदी घ्या आणि तो मान वर करून उभा असताना डोक्यापर्यंतची उंची घ्या. आपला गावठी कुत्रा खांद्याशी साधारण वीस ते बावीस इंच भरतो. मराठवाड्यातला उंच सडपातळ कारवानी सव्वीस-सत्तावीस इंचांपर्यंत जातो. घर असं हवं की त्याला आत उभं राहता यावं, जागेवर वळता यावं आणि पाय ताणून कुशीवर पडता यावं. याहून फार मोठं करू नये. प्रशस्त घर म्हणजे जास्त माया, हा आपला समज झाला. कुत्र्याच्या अंगाचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्यापेक्षा थोडं जास्त असतं. लहान जागेत तो मुटकुळं करून बसला की त्याच्याच उबेनं आतली हवा ऊन होते. मोठ्या जागेत ती ऊब पांगते. शिवाय पाठीला तीन बाजूंनी भिंत लागली की त्याला निर्धास्त वाटतं. पिल्लू असेल तर माप मोठेपणीचं धरा. गावठी पिल्लू वर्षभरात पुरत्या उंचीला येतं. तोवर आतली जादा जागा एखादी फळी आडवी लावून बंद ठेवता येते.

वीस-बावीस इंच उंचीच्या कुत्र्याला पुरेल असं एक घर इथं पुरतं सांगतो. आडवं ३६ इंच, खोली २४ इंच, पुढची भिंत ३० इंच उंच, मागची २४. छप्पर एकपाखी, पुढून मागे उतरतं. दुपाखी छप्पर चित्रात गोड दिसतं, पण आढ्यापाशी सांधा येतो आणि पाणी तिथूनच वाट काढतं. एकपाखीत सांधाच नाही. चोवीस इंचांत सहा इंच उतार म्हणजे चारास एक. जोराच्या सरीला तो पुरतो. पाणीही मागे पडतं, दारासमोर चिखल होत नाही.

लाकूड कोणतं घ्यावं? सागवान टिकतं यात वाद नाही, पण एवढ्या कामासाठी ते महाग आहे. आंब्याच्या फळ्या स्वस्त मिळतात, मात्र त्यांना भुंगेरा फार लवकर लागतो. नुसत्या फळ्यांची आणखी एक अडचण आहे. लाकूड पावसाळ्यात आडव्या बाजूनं फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, त्यामुळे जूनमध्ये घट्ट बसलेल्या फळ्यांमध्ये एप्रिलला फटी दिसू लागतात. प्लायवुडचे पापुद्रे एकमेकांना आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून ते एकमेकांना धरून ठेवतात आणि शीट हलत नाही. उघड्यावर ठेवायच्या घरासाठी आयएसआय मार्क आणि ७१० हा क्रमांक छापलेलं मरीन प्लायवुड घ्यावं. या प्रतीच्या प्लायचा तुकडा ७२ तास उकळून त्याचे पापुद्रे सुटतात का, ते तपासलेलं असतं. दुकानदार ‘कमर्शियल’ म्हणून देतात ती साधी प्रत घरातल्या कपाटाला ठीक. पावसात ती दुसऱ्या वर्षी फुलते. जाडी १२ मिलिमीटर, सुताराच्या भाषेत चार सूत.

खर्च वाचवायचा असेल तर पॅलेटच्या फळ्या हा चांगला मार्ग आहे. चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर अशा औद्योगिक वसाहतींच्या आसपास भंगारवाल्यांकडे पाइनच्या पॅलेट मिळतात. मात्र त्यावरचा शिक्का वाचल्याशिवाय घेऊ नका. परदेशी जाणाऱ्या लाकडी पेट्यांमधून कीड पसरू नये म्हणून त्यांवर प्रक्रिया करतात आणि ती कोणती हे इंग्रजी अक्षरांत छापतात. ‘एचटी’ असेल तर लाकूड फक्त तापवलेलं आहे, ते चालेल. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ज्या लाकडाला कुत्रा चाटणार आणि चावणार, तिथं ते नको. रेल्वेचे जुने स्लीपर तर अजिबात नकोत. ते क्रिओसोट नावाच्या डांबरी तेलात मुरवलेले असतात.

मापं अशी बसवली आहेत की आठ बाय चारची एक आणि सहा बाय चारची एक, अशा दोन शीटमध्ये सगळं निघतं. मोठ्या शीटचे आधी उभे दोन पट्टे पाडा, प्रत्येकी २४ इंचांचा. पहिल्या पट्ट्यातून ३६ इंचांची तळाची फळी कापा. उरलेल्यातून ५४ इंचांचा तुकडा घ्या. दोन्ही बाजूच्या भिंती त्यातून एकाच तिरक्या कापात निघतात. एका कडेला ३० इंचांवर खूण करा, समोरच्या कडेला त्याच टोकापासून २४ इंचांवर, आणि दोन्ही खुणा जोडणारी रेघ मारा. करवत त्या रेघेवरून गेली की पुढे ३०, मागे २४ अशा दोन सारख्या भिंती हातात येतात. दुसऱ्या पट्ट्यातून ३६ इंचांची मागची भिंत घ्या. करवतीच्या पात्याखाली सूतभर लाकूड जातंच, ते या मागच्या भिंतीच्या उंचीतून जाऊ द्या. सहा बाय चारच्या शीटमधून ४८ बाय ३६ चं छप्पर आणि ३६ बाय ३० ची पुढची भिंत निघते. हे सरळ काप प्लायवुडच्या दुकानाशेजारचा सुतार यंत्रावर थोड्या पैशात करून देतो आणि ते हातकरवतीपेक्षा चोख येतात. तिरका काप आणि दार तेवढं घरी करावं.

दार मधोमध कापू नका. सगळ्या चित्रांत ते मधोमध असतं आणि तिथून आलेली सर थेट कुत्र्याच्या अंगावर जाते. एका बाजूच्या कडेपासून तीन इंच सोडून तिथं १३ इंच रुंद आणि १८ इंच उंच दार घ्या. उरलेली वीस इंच भिंत आडोसा होते आणि कुत्रा नेमका तिच्यामागे जाऊन बसतो. दाराची खालची कड तळापासून चार इंच वर ठेवा, म्हणजे पाणी आत येत नाही, अंथरूण बाहेर येत नाही. म्हाताऱ्या, सांधे धरलेल्या कुत्र्यासाठी हाच उंबरा दोन इंचांवर आणावा. दार कुत्र्याच्या डोक्याएवढं उंच लागत नाही. तो मान खाली घालून सहज आत जातो, आणि दार जितकं लहान तितका वारा कमी. कापलेल्या सगळ्या कडा, विशेषतः दाराच्या, पॉलिश पेपरनं घासून गोल करा. रोज त्या कडांना त्याची पाठ आणि पोट घासणार आहे. दाराला झडप, कडी, कुलूप काहीही लावू नये.

जोडणीला दीड इंची चौकोनी रिपा लागतात, शिवाय तळाखाली घालायला तीन बाय दोन इंचांचे दोन लांब ठोकळे. आधी ठोकळ्यांवर तळाची फळी बसवा. मग बाजूच्या भिंतींच्या आतल्या उभ्या कडांना आणि खालच्या कडेला रिपा मारा. या भिंती तळाच्या फळीवर दोन्ही टोकांना उभ्या राहतात. पुढची आणि मागची भिंत मात्र तळाच्या फळीच्या बाहेरून लावायची, तिची कड झाकून, खालच्या पातळीला मिळवून. हा क्रम मुद्दाम आहे. बाजूच्या भिंती फळीवर उभ्या असल्यामुळे त्या अर्धा इंच वर जातात. छप्पर त्यांच्यावर टेकतं आणि पुढच्या-मागच्या भिंतींच्या माथ्यावर अर्ध्या इंचाची आडवी फट राहते. कितीही बुजवावीशी वाटली तरी ही फट बुजवू नका. कुत्र्याच्या श्वासाची दमट, गरम हवा तिथूनच बाहेर जाते आणि वळचण बाहेर आलेली असल्यामुळे पाऊस आत शिरत नाही. विदर्भात याखेरीज बाजूच्या भिंतींनाही छपराखाली इंचभर व्यासाची चार-पाच भोकं पाडावीत आणि गांधीलमाश्या घर करू नयेत म्हणून त्यांवर बारीक जाळी मारावी.

प्रत्येक कोपरा गुण्या लावून तपासा. पहिल्या कोपऱ्यात दोन सुतांचा फरक राहिला, तर छप्पर बसवताना तो अर्धा इंच होऊन भेटतो. खिळे वापरू नका, स्क्रू वापरा. ऊन-पावसात लाकूड थोडं तरी हलतं, खिळा हळूहळू वर येतो आणि त्याचं डोकं किंवा टोक कातडी फाडतं. बारा मिलिमीटर प्लाय आणि दीड इंची रीप यांना सव्वा इंची स्क्रू पुरतो. त्याचं टोक आरपार जात नाही. आधी बारीक ड्रिलनं वाट करून घ्या, नाहीतर रीप चिरते. समुद्राजवळच्या गावांत स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू घ्या. खाऱ्या हवेत साधे लोखंडी स्क्रू फार लवकर गंजतात. सांध्यांत पाण्यात टिकणारा गोंद भरा आणि राहिलेल्या बारीक फटी त्याच गोंदात लाकडाचा भुसा कालवून लिंपा. फटी भरण्याचं खरं कारण पुढे येईल.

छप्पर पक्कं ठोकायचं नाही. त्याच्या खालच्या अंगाला दोन रिपा अशा लावा की त्या बाजूच्या भिंतींच्या आतून अलगद बसतील; डब्याच्या झाकणासारखं ते वरून ठेवायचं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून दोन्ही बाजूंना आकडे अडकवायचे. छप्पर पुढे आठ इंच, बाजूंना सहा-सहा इंच आणि मागे तीन-चार इंच बाहेर येऊ द्या. एक छोटी गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: पाणी छपराच्या कडेवरून वळून खालच्या बाजूला चिकटतं आणि तसंच सरकत भिंतीपर्यंत येतं. छपराच्या खालच्या अंगाला, कडेपासून इंचभर आत, करवतीनं एक उथळ रेघ कोरा. पाण्याला ती ओलांडता येत नाही, ते तिथंच ठिबकतं.

प्लायवर थेट पत्रा ठोकणं ही आपल्याकडची नेहमीची पद्धत आहे आणि ती मला मुळीच पटत नाही. दुपारी पत्रा हाताला चटका बसेल इतका तापतो आणि सगळी आच खाली देतो. प्लायवर आधी इंचभर उंचीच्या रिपा मारा, पुढून मागे जाणाऱ्या, आणि त्यांवर पत्रा बसवा. मधल्या पोकळीची दोन्ही तोंडं उघडी राहिली की तापलेली हवा वरच्या तोंडातून निघून जाते. पत्र्याला वरून पांढरा रंग किंवा चुना द्या. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो, आणि हा उपाय माणसांच्या घरांनाही तितकाच लागू आहे. कोकणात पत्र्यावर सर कोसळते तेव्हा आत केवढा आवाज होतो, हे ध्यानात घ्या. आवाजाला भिणारा कुत्रा त्या घरात पाऊल टाकणार नाही. तिथं जुनी मंगलोरी कौलं रिपांवर मांडावीत. ती शांत असतात, थंड असतात आणि जुन्या घरांच्या परसात पडून असतातच; फक्त छप्पर उचलण्याआधी ती उतरवावी लागतात.

रंगाच्या बाबतीत एकच कडक नियम पाळा: आतून रंग नाही. बाहेरून प्रायमर आणि त्यावर बाहेरच्या भिंतींना देतात त्या रंगाचे दोन हात. प्लायच्या कापलेल्या कडांना तीन हात, कारण प्लाय पाणी पितं ते कडेनं. तळाची खालची बाजू विसरू नका. घरात पडलेला जुना डबा यासाठी उघडू नका. घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमवर आणणारा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि कुत्रा कडा चघळतोच. खेडोपाडी वाळवीवर गाडीचं जळकं ऑइल फासतात; कुत्र्याच्या घराला ते लावणं म्हणजे त्याच्या केसांतून पोटात विष घालणं आहे. काजूच्या टरफलाचं तेल होड्यांना उत्तम, पण ते कातडी भाजतं. वाळवीवर खरा उपाय म्हणजे लाकूड जमिनीला टेकू न देणं. ठोकळ्यांखाली चार चिरे किंवा विटांचे थर ठेवा आणि त्या प्रत्येकावर पत्र्याचा एक तुकडा, चारी बाजूंनी इंचभर बाहेर येईल असा. वाळवीला मातीची वाट बांधत त्या तुकड्याला वळसा घालावा लागतो आणि ती वाट डोळ्यांना दिसते. जमिनीपासूनचं अंतर झाडू आरपार जाईल इतकं हवं, निदान सहा इंच. दोन इंचांची अंधारी सांद ठेवली, तर तिथं विंचू आणि साप आसरा घेतात.

तोंड पूर्वेला करा. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. त्याला घराची ठेंगणी पाठ मिळावी. सकाळचं कोवळं ऊन दारातून आत येतं, ओल सुकवतं, आणि दुपारनंतरचं कडक ऊन मागच्या भिंतीवर पडतं. पण दिशेपेक्षाही जागा महत्त्वाची आहे, आणि ती कुत्र्यालाच विचारावी लागते. काही दिवस नुसतं बघा: तो दुपारी कुठं पडतो, रात्री कुठं, पाऊस आला की कुठं धावतो. बहुतेक कुत्रे अशी जागा निवडतात जिथून घराचं दार आणि फाटक दोन्ही दिसतं. माणसं दिसत नाहीत अशा परसाच्या कोपऱ्यात तुम्ही कितीही सुंदर घर ठेवा, तो त्याला शिक्षाच समजेल. झाडाची सावली मिळाली तर सोन्याहून पिवळं. कडुनिंबाखालची दुपार कोणत्याही छपराखालच्या दुपारीपेक्षा थंड असते. एवढं करूनही मे महिन्यात तो दुपारी घरात जाणार नाही, झाडाखालची ओली माती उकरून तीत पोट टेकील. त्याचं बरोबर आहे. त्याला तिथंच पाणी ठेवा.

अंथरूण म्हणून लोक जुनी गोधडी घालतात. थंडीत कोरडी असेपर्यंत ती चांगली. पावसाळ्यात ओल्या अंगानं तो तिच्यावर बसला की ती पाणी धरून ठेवते आणि अंगाखालची ऊब खेचून घेते. भाताचा कोरडा पेंढा यापेक्षा सरस. तो ओल खाली जाऊ देतो, कुत्र्याला त्यात खळगा करून बसता येतं आणि कुजला की खतात जातो. उन्हाळ्यात नुसतं गोणपाट पुरे.

आता फटींचं आणि उचलत्या छपराचं कारण. आपल्या कुत्र्यांचा मोठा शत्रू गोचीड आहे. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी अंगावरून गळून पडते, भिंतीवर चढते, एखादी अंधारी फट शोधते आणि तिथं हजारो अंडी घालते. टिक फीव्हर म्हणून ओळखले जाणारे एर्लिकिओसिस आणि बबेसिओसिस हे आजार याच गोचिडांमार्फत होतात आणि दोन्ही जिवावर बेतू शकतात. कुत्र्याला कितीही औषध लावलं, पण त्याच्या घराच्या फटीत अंडी राहिली, तर काही दिवसांनी सगळं पुन्हा सुरू होतं. म्हणून आत फट नको, आणि महिन्यातून एकदा छप्पर उचलून सगळं अंथरूण बाहेर काढा, कोपरे आणि रिपांच्या मागच्या बाजू नीट बघा, कढत पाण्यानं घासा आणि दिवसभर कडक उन्हात उघडं ठेवा. ज्या घराचं छप्पर निघत नाही, त्यात हे काम कोणी करत नाही. फवारणी करायचीच झाली तर पशुवैद्यांना विचारून करा आणि ती पुरती वाळल्याखेरीज कुत्र्याला आत सोडू नका.

नवं घर पाहून कुत्रा लगेच आत शिरेल अशी अपेक्षा धरू नका. ताज्या लाकडाचा, गोंदाचा, रंगाचा वास आपल्याला जेमतेम येतो, त्याच्या नाकाला तो असह्य असतो. रंग दिल्यावर घर आठ-पंधरा दिवस उघडं ठेवा. मग त्याचं वापरलेलं, न धुतलेलं गोणपाट आत घाला, जेवणाची थाळी आधी दारासमोर, मग उंबऱ्याशी, मग आत ठेवा. ढकलून आत घालू नका. एकदा घाबरला की ती जागा त्यानं कायमची सोडली. साखळी घराला बांधणंही तितकंच वाईट: ती पायात गुरफटते आणि घर म्हणजे बांधून ठेवायची जागा, असं त्याच्या मनात बसतं. प्राण्यांचा छळ रोखणाऱ्या १९६० च्या कायद्याचं ११वं कलम या बाबतीत स्पष्ट आहे. पाळलेल्या प्राण्याला पुरेसं अन्न, पाणी आणि निवारा न देणं हा त्यानुसार गुन्हा आहे, आणि कुत्र्याला सतत बांधून किंवा कोंडून ठेवून फिरवायला न नेणं हाही. घर केलं म्हणून फिरवणं टळत नाही. दिवाळीच्या फटाक्यांत आणि विजांच्या कडकडाटात त्याला या घरातही भरवसा वाटत नाही. तेव्हा त्याला आपल्या घरात घ्यावं.

मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागतं. रंगाचा वास जायला आणि कुत्र्याला सवय व्हायला मिळून महिना जातो. म्हणून प्लाय एप्रिलअखेर आणा, काम मेच्या पहिल्या आठवड्यात उरका, आणि पावसाळा संपला की ऑक्टोबरच्या उन्हात कडांवर रंगाचा आणखी एक हात फिरवा. एवढी निगा राखली, तर मरीन प्लायचं घर आपल्या पावसातही वर्षानुवर्षं टिकतं.